त्या तीन दिवसांचा स्वयंपाक

माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी केलेला सगळ्यात चांगला स्वयंपाक मी खोटं बोलून करून घेतला होता. हे मी त्या वेळच्या दोन माणसांखेरीज आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या मुलीलाही नाही, आणि तिचा तर यात सगळ्यात जास्त संबंध आहे. आता हे गेले, ज्यांची भीडभाड धरायची ती माणसंही गेली, म्हणून लिहून ठेवते आहे. म्हातारीला या वयात हे काय सुचतंय असं कुणाला वाटलं तर वाटो.

पन्नासचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी लग्न होऊन मिरजेहून बंगळुरात आले. हे तिथल्या एका सरकारी कारखान्यात सुपरवायझर होते. बसवनगुडीत एका वठारात आमचं बिऱ्हाड होतं. एकाच लांबट अंगणाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन खोल्यांची घरं, मध्ये सगळ्यांचा मिळून एक नळ आणि मागे दोन न्हाणीघरं, असा सगळा कारभार. आमच्या भिंतीला भिंत लागून एक कानडी कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना सगळं वठार अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. त्या माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठ्या, मूळच्या धारवाडकडच्या. त्यांना मोडकंतोडकं मराठी यायचं आणि मला तेवढंच कानडी. त्यावर आमचं भागायचं.

सासूसासरे पुण्याला होते. घरात आम्ही दोघंच. माहेरच्या मैत्रिणी पत्रातून राजाराणीचा संसार म्हणून चिडवायच्या. कसला राजा आणि कसली राणी. हे मुळातच अबोल. सकाळी सायकलवर टांग मारून गेले की संध्याकाळी यायचे, हातपाय धुवायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. पान वाढलं की जेवायचे. भाजीत मीठ कमी पडलं तर तोंडानं सांगायचं सोडून मिठाच्या सटाकडे बोट दाखवायचे. ते उठले की त्यांच्याच ताटात मी माझं वाढून घ्यायची आणि एकटी जेवायची, कारण बायकोनं नवऱ्याच्या बरोबरीनं पानावर बसायची पद्धत आमच्याकडे नव्हती, त्यांच्याकडेही नव्हती. रात्रीचं म्हणाल तर भिंत अशी की पलीकडचं खोकणंसुद्धा ऐकू यायचं. जे काही व्हायचं ते मुकाट्यानं आणि घाईत. मला वाटायचं, यांना मी आवडलेच नाही, आईवडिलांनी गळ्यात बांधली म्हणून आणली.

पहिल्या महिन्यात मी बाहेरची झाले. माहेरी आई होती, काकू होती. मी आपली तीन दिवस पडवीत घोंगडीवर बसून राहायची, कुणीतरी लांबून वाढायचं. इथे कोण वाढणार? सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, परमुलखात चाललात म्हणून शिवताशिव सोडायची नाही. संध्याकाळी हे सायकल टेकवून आत येतात तोच मी कोपऱ्यातून म्हटलं, "अहो, मला शिवू नका." यांनी शर्ट काढून खुंटीला लावला, धोतर वर खोचलं आणि स्वयंपाकघरात गेले. लग्नाआधी चार वर्षं हे तीन मित्रांबरोबर खोली करून राहत होते, आलटून-पालटून रांधत होते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

बाहेरच्या खोलीच्या ज्या कोपऱ्यात मी बसायची तिथून स्वयंपाकघराची अर्धी शेगडी आणि यांची पाठ दिसायची. बाकी सगळं कानांनी आणि नाकानं. फोडणी करपायला लागली की मी इथून ओरडायची, "हिंग टाका आधी." हे विचारायचे, "किती?" मी म्हणायची, "चिमूटभर." "तुझ्या चिमटीनं की माझ्या?" असं हे म्हणाले तेव्हा मी आधी दचकले आणि मग हसले. हा माणूस थट्टा करू शकतो याचा मला पत्ताच नव्हता.

अंगाला अंग लागायचं नाही म्हटल्यावर यांची जीभ सुटायची. का ते देव जाणे. स्वयंपाक झाला की माझं पान लांब मांडायचे, वाकून वरून वाढायचे, स्वतःचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायचे आणि आम्ही दोघं एकाच वेळी जेवायचो. मध्ये चार हात जमीन. तेवढ्यात हे मला कारखान्यातल्या गमती सांगायचे, लहानपणी नदीत बुडता बुडता वाचले ते सांगायचे, माझ्या शाळेचं विचारायचे. "आणखी भात घे," म्हणायचे. चौथ्या दिवशी मी न्हाऊन स्वयंपाकघरात शिरले की वर्तमानपत्र पुन्हा वर. दर महिन्याला असंच. बाकीच्या बायका त्या दिवसांना कंटाळायच्या. मी वाट बघायची. वठारातले पुरुष यांना नळावर कळशी भरताना बघून हसायचे, पण यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही, आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. मूल होत नव्हतं. सासूबाईंच्या प्रत्येक पत्रात शेवटी तेवढंच विचारलेलं असायचं. माझं चक्रही धड नव्हतं. कधी आठ दिवस उशीर, कधी बारा दिवस. दर खेपेला आशा लागायची आणि दर खेपेला तोंडघशी पडायची. शेवटी मी आशा करायचंच सोडून दिलं.

त्या वर्षी जानेवारीत यांना कलकत्त्याला शिकायला पाठवायचं ठरलं. अडीच महिने. लग्नानंतर आम्ही एवढे दिवस कधी वेगळे राहिलो नव्हतो. कलकत्त्याला थंडी असते म्हणून चिकपेटेच्या बाजारातून जाडा स्वेटर आला, होल्डॉल आला, नवी ट्रंक आली. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात घरात डब्यांच्या तळाशी हात लागायला लागला होता. तांदूळ जेमतेम, तूप संपलेलं, साखर चहापुरती. दिवस जवळ येत चालले तसे हे आणखीनच गप्प झाले. आता जायच्या आधी तरी काही बोलतील, म्हणून मी पाण्याचा तांब्या ठेवताना उगीच रेंगाळायची. हे म्हणायचे, "काय हवंय?" मी म्हणायची, "काही नाही."

मला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं. त्यांनी जायच्या आधी एकदा माझ्यासाठी रांधावं, समोर बसून जेवावं, बोलावं. पुढचे अडीच महिने मला ते पुरलं असतं. पण सरळ कसं सांगणार? धडधाकट बायकोनं नवऱ्याला सांगायचं की आज तुम्ही स्वयंपाक करा? वेड लागलंय का, असं म्हणाले असते, आणि त्या काळी तसं म्हणणं चूकही नव्हतं.

माझी तारीख उलटून गेली होती, पाच दिवस वर झाले होते. यांची गाडी तीन दिवसांवर. मी मनात म्हटलं, नेहमीसारखा उशीर होणार आणि हे गेल्यावर बसणार मी एकटी कोपऱ्यात, अक्कांच्या हातचं जेवत. व्हायचंच आहे तर चार दिवस आधी सांगितलं म्हणून काय बिघडलं? त्या संध्याकाळी सायकलची घंटा ऐकली आणि मी उठून घोंगडी अंथरली. हे दारात आले. मी म्हटलं, "अहो, मला शिवू नका."

तेवढंच खोटं बोलले मी आयुष्यात, आणि अगदी सहज बोलले.

पहिले दोन दिवस वरण-भातावर गेले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. हे सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडले आणि पिशवीभर पावट्याच्या शेंगा घेऊन आले. बंगळुरात त्या दिवसांत रस्त्यावर पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात, तिथे त्याला अवरेकाय म्हणतात, आणि दुसरं काही परवडत नसलं तरी ती परवडते. अक्का ते दाणे भिजवून, एकेक दाणा चिमटीत दाबून, साल काढून आमटी करायच्या. यांनी ती एकदा अक्कांकडे खाल्ली होती. "आज तसलं करतो," म्हणाले. मी म्हटलं, "दिवस जाईल सोलण्यात." हे म्हणाले, "जाऊ दे. रविवार आहे."

दुपारभर हे उंबऱ्याशी परात घेऊन दाणे सोलत बसले होते. कारखान्यात लोखंडाच्या तुकड्याचा केसाएवढा फरक ओळखणारा माणूस, पण दाणा काही त्याच्या चिमटीत राहीना. दाबला की सटकन उडायचा. एक गेला थेट पाटाखाली, दुसरा आला माझ्या घोंगडीवर. आता घोंगडीवर पडलेला दाणा परत घेता येईना. हे म्हणाले, "तो तुझा." मग आणखी एक आला. "तोही तुझा." तिसरा आला तेव्हा मला कळलं की हे मुद्दाम उडवतायत. मी हसता हसता रडायच्या बेताला आले. त्या कच्च्या दाण्यांची मी पदराच्या टोकात गाठ मारली होती. ते आठवलं की मला अजून माझाच राग येतो.

संध्याकाळी त्या दाण्यांची आमटी झाली. खोबरं थोडंच होतं म्हणून त्यांनी शेंगदाणे वाटून घातले. भात, भाजलेला पापड आणि एक काकडी. गोडाला काही नव्हतं, पण संक्रांतीला वठारातल्या घराघरांतून एळ्ळू-बेल्ला आला होता. आपल्या तिळगुळाच्या जागी तिकडे तीळ, गूळ, खोबरं, डाळं, शेंगदाणे असे मिसळून देतात. तो यांनी खलबत्त्यात कुटला आणि त्याचे दोन लाडू वळले. एक त्यांना, एक मला. केळीची पानं वठाराच्या परसातून आणली होती. माझ्या पानावर वाकून वाढताना यांच्या कपाळावरचा घाम पानात पडतो की काय असं झालं, तर चटकन मागे सरले आणि म्हणाले, "खारट व्हायची."

आमटीत मीठ खरंच जास्त झालं होतं. त्या जेवणात यांनी मला सांगितलं, "तिकडे गेल्यावर मला करमायचं नाही." खाली पानाकडे बघत सांगितलं, पण सांगितलं. त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं, अहो, मी बाहेरची नाही, जवळ या. मग वाटलं, इतकं सुरेख चाललंय, हसं कशाला करून घ्या. हे मला कपटी म्हणतील, रागावतील आणि तसेच गाडीत बसतील. मी लाडू खाल्ला.

दुसऱ्या दिवशी पहाटे, मी न्हायच्या आत, हे निघाले. दारातूनच म्हणाले, "सांभाळून राहा. न्हायचं पाणी अक्कांना काढायला सांग." हात लावायचा प्रश्नच नव्हता. टांगा वळेपर्यंत मी कोपऱ्यातच उभी होते.

पुढे दहा दिवस गेले, पंधरा गेले, महिना झाला. मग सकाळी कॉफीचा वास नकोसा झाला. अक्कांनी मला एकदा न्हाणीघराजवळ ओकताना पाहिलं आणि पाठीवर हात फिरवला. मला दिवस गेले होते. मला इतका आनंद झाला की दुसरं काही सुचलंच नाही. त्याच दुपारी मी यांना आंतर्देशीय पत्र लिहिलं. शेवटी लिहिलं, आता तुम्हाला स्वयंपाक जास्त करावा लागणार.

उत्तर येईना. दर आठवड्याला एक पत्र पाठवणारा माणूस, त्याचं कार्डसुद्धा येईना. मला वाटलं, टपालाची गडबड असेल. मग एका दुपारी अक्का तांदूळ निवडायला माझ्याकडे बसल्या होत्या. बोटांवर महिने मोजत मोजत थांबल्या आणि म्हणाल्या, "स्वल्प थांब. संक्रांतीनंतर तू होरगे होतीस ना?" होरगे म्हणजे बाहेर. सुपातले तांदूळ तसेच राहिले. तेव्हा, त्या दुपारी, मला पहिल्यांदा कळलं मी काय करून ठेवलंय ते.

हे गेले त्या पहाटेपर्यंत, यांच्या माहितीप्रमाणे, मी बाहेरची होते. त्यानंतर हे कलकत्त्याला. आणि मला दिवस गेलेले. दुसरं कुणी काय समजणार?

मी अक्कांना सगळं खरं सांगितलं. अक्का हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "मला तेव्हाच वाटलं होतं. मागच्या दोरीवर तुझी फडकी वाळत नव्हती." बाईचं बाईला कळतं. पुरुषाला दोरीवरची फडकी कुठून दिसणार?

हे मार्चअखेर आले. ट्रंक दारात ठेवली, पण बसले नाहीत. माझ्या पोटाकडे पाहिलं. अजून फार काही दिसत नव्हतं.

"मी गेलो तेव्हा तू बाजूला बसली होतीस," हे म्हणाले.

"हो. पण मी खोटं बोलले होते."

"कशासाठी?"

"तुम्ही स्वयंपाक कराल म्हणून."

मला अजून वाटत होतं की आता हसतील. आमटीत मीठ जास्त झालं होतं, दाणे घोंगडीवर उडत होते, ते आठवून हसतील. हे म्हणाले, "एवढ्यासाठी कुणी असलं खोटं बोलतं?"

मी म्हटलं, "मी बोलले."

"म्हणजे तेव्हा तरी खोटं बोललीस, नाहीतर आत्ता तरी बोलते आहेस. खोटं बोललीस एवढं नक्की." मग शर्ट काढून खुंटीला लावला आणि पाठमोरे राहूनच विचारलं, "मी नसताना घरी कोण कोण आलं होतं?"

त्या प्रश्नानं माझ्या अंगाची जी आग झाली ती मी कशी सांगू? मी दारावर येणाऱ्या सगळ्यांची यादी सांगितली. दूधवाली, पोस्टमन, अक्का, अक्कांची आई, कोळशाचं पोतं टाकणारा म्हातारा. एकेक नाव चावून चावून सांगितलं. हे सगळं शांतपणे ऐकत होते, आणि तेच मला सहन झालं नाही. दोन कानफटात दिल्या असत्या तरी चाललं असतं.

अक्कांना मी हातापाया पडून गळ घातली की तुम्ही यांना सांगा. परक्या पुरुषापुढे असलं बोलायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. तरी त्या एका संध्याकाळी आमच्या दारात आल्या, पदर डोक्यावरून घेतला, तोंड अंगणाकडे केलं आणि म्हणाल्या, "ती बाहेर नव्हती. मला ठाऊक आहे. पोर वेडी आहे, वाईट नाही." हे उठून उभे राहिले, नम्रपणे "सरी अक्का", म्हणजे बरं अक्का, म्हणाले. अक्का गेल्यावर मला म्हणाले, "तूच पढवून पाठवलंस."

यांनी मला घालवून दिलं नाही. पुण्याला एक अक्षर कळवलं नाही. उलट सासूबाईंना आनंदाची बातमी लिहिली, त्यांच्याकडून डिंकाचे लाडू आले. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेली औषधं वेळेवर आणत होते, मला जड कळशी उचलू देत नव्हते. लोक म्हणायचे, किती जपतो बायकोला. हे बाहेरच्या खोलीत झोपायचे. मी वाढलेलं जेवायचे आणि उठायचे. डोहाळे कुठले, कुणी विचारलेच नाहीत. मला आंबट-गोड काही नको होतं. मला फक्त एवढंच हवं होतं की या माणसानं एकदा म्हणावं, बरं, तू म्हणतेस तर असेल. दर संध्याकाळी सायकलची घंटा वाजली की मला वाटायचं, आज म्हणतील.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आईची पत्रांवर पत्रं आली, भाऊ न्यायला आला. मी गेले नाही. भावाला रित्या हातानं परत पाठवलं, आई मला दुखावली ती कायमची. पण माझा हट्ट होता. मूल यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं होतं. मिरजेला झालं असतं तर हे इथे बसून काय काय समजले असते कोण जाणे.

हे कलकत्त्याला गेल्याला बरोबर आठ महिने भरले त्या आठवड्यात मला कळा सुरू झाल्या. अक्का इस्पितळात बरोबर आल्या. हे बाहेरच्या बाकावर. दुपारी मुलगी झाली. दार अर्धवट उघडं होतं, त्यातून नर्स यांना सांगायला गेली, आणि यांनी तिला पहिल्यांदा काय विचारलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मुलगा की मुलगी, हे नाही विचारलं. बाई कशी आहे, तेही नाही. विचारलं, "पूर्ण दिवसांचं आहे का?"

नर्सला काय माहीत. ती हसून म्हणाली, "अगदी पूर्ण. चांगली गुटगुटीत आहे. काही काळजी नको."

मग हे आत आले. डोळे भरले होते त्यांचे. खाटेच्या कडेला उभे राहून त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. आठ महिन्यांत पहिल्यांदा हात लावला. म्हणाले, "बरोबर जुळतंय. मी मोजलं, मी जायच्या आधीचेच दिवस आहेत. तू म्हणत होतीस तसंच आहे."

मला वाटलं होतं, हे ऐकल्यावर मी हंबरडा फोडून रडेन. तसलं काही झालं नाही. मला त्यांचा हात नकोसा झाला. इतके दिवस मी गळा काढून सांगत होते ते खोटं, अक्कांनी लाज गुंडाळून सांगितलं तेही खोटं, आणि महिने मोजले तेव्हा खरं. उद्या पोर पंधरा दिवस मागेपुढे झाली असती तर? मी कुठे गेले असते तिला घेऊन?

दुसऱ्या दिवशी हे घरून डबा घेऊन आले. स्वतः केला होता. मऊ भात, मेतकूट, वर तूप. तूप मुद्दाम आणलं असणार. स्टुलावर बसून डबा उघडला आणि बोलायला लागले. मुलीचे कान आईसारखे आहेत, पाळणा कुठे टांगायचा, कलकत्त्याला जेवण कसं वाईट होतं. सगळं साठवून ठेवलेलं सांगत होते. पूर्वी उंबऱ्याशी बसून बोलायचे तसंच. मी ऐकलं, आणि डबा शेजारच्या खाटेवरच्या बाईला दिला. तिला भेटायला कुणी येत नव्हतं. हे बोलता बोलता थांबले. त्यांना कळलं. माफी मागायला त्यांना जमलं नसतं, आणि मागितली असती तरी मी दिली असती की नाही, मला सांगता येत नाही.

मुलगी आठ-नऊ महिन्यांची झाली तेव्हा मी परत बाहेरची झाले. सकाळची वेळ होती, हे दाढी करत होते. घोंगडी तिथेच कोपऱ्यात गुंडाळलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं, न्हाणीघरात जाऊन आंघोळ केली आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. शेगडी पेटवली, भात टाकला, देवापुढे दिवा लावला, पाटपाणी घेतलं आणि यांना वाढलं. माझ्या आईनं हे पाहिलं असतं तर तिनं जीव दिला असता. पुढच्या महिन्यातही तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

चार-पाच महिने गेल्यावर एकदा जेवताना यांनी विचारलं, "तू हल्ली बाजूला बसत नाहीस?"

मी म्हटलं, "बसते आहे असं मी सांगितलं तर तुम्हाला खरं वाटेल?"

यांनी हातातला घास तोंडात घातला. पुढे एकतीस वर्षं हे रोज माझ्या हातचं जेवले. मी कधी बाहेरची असते आणि कधी नसते, ते त्यांना पुन्हा कधी कळलं नाही. मी शेगडी सोडली नाही, आणि त्यांनीही कधी मागितली नाही. संध्याकाळी पावट्याच्या शेंगा घेऊन यायचे, मुकाट्यानं माझ्यापुढे ठेवायचे, आणि मी सोलायची. त्यांनी रांधावं असं मला तेव्हाही वाटत होतं. दरवर्षी वाटलं. ते मी त्यांना कळू दिलं नाही.